किरिगाए पुलाचा पहिला मान

१४ एप्रिल १९८५

दादा,

‘मी काही तुझ्या बापाशी लग्न केलं नाही, पुलाशी केलं. बाप सोबत आला,’ असं आई एकदा म्हणाली होती. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. ती परसात मुळे सुकायला टांगत होती आणि बाबा पलीकडेच गेतांना, त्या लाकडी चपलांना, पट्टे ओवत बसले होते. त्यांनी ऐकलं आणि नुसते हसले. तू शाळेत असशील, तुला हे माहीत असायचं कारण नाही. मला मात्र या आठवड्यात दुसरं काही सुचत नाहीये. मंगळवारी नगरपालिकेचे इनागाकी दुकानात आले आणि चहा पिता पिता सांगून गेले की किरिगाए पूल पाडायचं ठरतं आहे. शेजारी नवा पोलादी पूल उभा राहील. तो खुला होईल त्या दिवशी आपला बंद, आणि मग तोडकाम.

कारण विचारलं तर म्हणाले, काँक्रीट म्हातारं झालंय. मी म्हटलं, म्हातारी माणसं या दुकानातही दोन बसली आहेत, त्यांचं काय करायचं ठरलंय? इनागाकी बिचारे ओशाळले. बाबा माझ्यावर डाफरले की आलेल्या माणसाला चहाबरोबर टोमणे देऊ नयेत.

खरा राग मला बाबांचाच आलाय. निघता निघता इनागाकी एक वाक्य टाकून गेले: नव्या पुलावरही पहिली पावलं त्सुगे घराण्याचीच पडावीत अशी महापौरांची इच्छा आहे. झालं. त्या क्षणापासून जुना पूल बाबांच्या डोक्यातून गेला. रीतीप्रमाणे नव्या पुलावरून पहिली चालायची ती एकाच घरातली तीन पिढ्यांची तीन जोडपी: आई-बाबा, तू आणि मिसाओवहिनी, तुझा तात्सुहिको आणि तुझी सून फुमिनो. पूल व्हायला अजून तीन वर्षं आहेत आणि बाबांनी माळ्यावरून लाकूडसुद्धा काढलं. सहा जोड गेता स्वतः करणार म्हणे. वहिनीच्या पायाचं माप कळव, असं त्यांनी बजावून सांगितलंय. सातवा जोड नाही. मी कुठल्याच जोडीत बसत नाही. ‘उरलेला माल दुकानात राहील, कुणीतरी गल्ला सांभाळायला हवाच,’ असं ते हसत म्हणाले, मीही हसले.

पहिल्या मानाची बाबांची गोष्ट तुला पाठ आहे. आईची मी या आठवड्यात पहिल्यांदा पुरती ऐकली. पूल बांधला जात होता तेव्हा ती नदीत उभी राहून खडी धुवायची. गावातल्या पुष्कळ बायका धुवायच्या. माती लागलेल्या खडीला सिमेंट धरत नाही म्हणून. पूल तयार होत आला आणि तांदळाची दारू गाळणाऱ्या ज्या साकेवाल्यांच्या घरात तीन जोडपी होती त्यांची म्हातारी थंडीत वारली. मान आपल्याकडे आला. पण आपल्या घरात जोडपी दोनच, बाबा बिनलग्नाचे. मग पणजोबा नदीवर गेले आणि खडी धुणाऱ्या मुलींपैकी जिची पाठ सरळ दिसली तिच्या घरी मागणी घालून आले. पुलाची तारीख ठरलेली होती, लग्नाची तिच्या आधी बसवली. आईने बाबांचा चेहरा नीट पाहिला तो पूल ओलांडताना. ‘मान खाली घालून चालायचं होतं,’ ती म्हणाली, ‘पण मी मान वळवून खडी बघत होते. कुठे दिसेना. सगळी आत गेली होती.’

जूनमध्ये नगरपालिका खुलाशाची सभा घेणार आहे. आम्ही पंधरा-वीस माणसं विरोधात आहोत. त्यांत एक न्हावी, दोन निवृत्त शिक्षक, बाकी माझ्यासारखे. पुलातलं कळणारं कुणीच नाही. आणि माझा सख्खा भाऊ तोक्योत पूल बांधतो. तू ये. हा पूल दुरुस्त होऊ शकतो एवढं उभं राहून सांग. बाकी मी बघते.

चिझुरु

* * *

५ मे १९८५

चि. चिझु,

पत्र मिळालं. जूनमध्ये येणं जमणार नाही. खाडीवरच्या एका पुलाचं काम ऐन टप्प्यात आहे.

पूल दुरुस्त होईल असं मी न बघता सांगणार नाही. फोटोवरून नाडी सांगणाऱ्या वैद्याकडे तू तरी जाशील का? पण तुम्हाला एक गोष्ट करता येईल. सभेत भांडण्याऐवजी एक मागणी करा: पुलाच्या अंगातून नमुने काढा. पोकळ नळीच्या यंत्राने मनगटाएवढा गाभा निघतो. काँक्रीट वर्षानुवर्षं बाहेरून आत हवा ओढून घेत असतं. हवा जिथवर पोचली तिथवर त्याचा क्षार मरतो, आणि तिथे सळई असली की ती गंजते. गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. काढलेल्या गाभ्यावर एक औषध फवारतात. मेलेला भाग राखाडीच राहतो. जिवंत भाग जांभळा होतो. लहान मुलालाही दिसतं. तेव्हा ‘म्हातारं झालंय’ हा शब्द त्यांना मागे घ्यायला लावायचा असेल तर औषधाला बोलू दे.

त्या काळात घाईने बांधलेले पुष्कळ पूल मी पाहिले आहेत. समुद्राची खारी वाळू, अर्धवट धुतलेली खडी. आईच्या हाताखालची खडी कशी असेल हे मी तांदूळ धुण्यावरून ताडू शकतो, पण तो पुरावा नव्हे.

मिसाओ सध्या तिच्या आईकडे आहे. सासूबाईंची तब्येत बरी नसते. मापाचं नंतर कळवतो. बाबांना इतकी घाई नको म्हणावं.

कियोताका

* * *

२१ जुलै १९८५

दादा,

जांभळा. सगळ्याच्या सगळा जांभळा! वरची नखभर साल सोडली तर पार मधोमध, वांग्यासारखा.

मागणी आम्ही केली आणि इनागाकींनी ती आश्चर्य म्हणजे मान्य केली. त्यांची खात्री असणार. नमुने काढले त्या दिवशी अर्धी गल्ली पुलाखाली जमली होती. आईला मी मुद्दाम नेलं. औषध मारणारा तज्ज्ञ कुठल्याशा विद्यापीठाचा होता. त्याने तीन नमुने ओळीने मांडले, फवारलं, आणि स्वतःच ‘अरे’ म्हणाला. आई जवळ गेली. रंगाकडे तिने बघितलंसुद्धा नाही, कापलेल्या तोंडात गोल गोल खडे दिसत होते ते बघत राहिली. मग मला म्हणाली, ‘ही आमची. स्वच्छ आहे.’ एवढंच, आणि घरी जाऊन भात लावला.

मला वाटलं जिंकलो. पुढच्या सभेत मी तो निकाल वाचून दाखवला. न्हावीबुवांनी टाळ्या वाजवल्या. आणि इनागाकी उठून काय म्हणाले असतील? म्हणाले, काँक्रीट उत्तम आहे याचा नगरपालिकेला अभिमान वाटतो. पण मुख्य प्रश्न काँक्रीटचा नाहीच, नदीचा आहे. तीन महिने मुख्य प्रश्न काँक्रीटचा होता! जांभळा रंग दिसला त्या दिवशी तो नदीचा झाला. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तुम्ही काँक्रीटबद्दल विचारत होता. दादा, या माणसाशी भांडणं म्हणजे ओल्या साबणाशी कुस्ती. तो उद्धटपणे बोलत नाही, खोटं बोलत नाही, दर वाक्याला कमरेत वाकतो आणि ‘आपल्या भावनांचा जरूर विचार करू’ म्हणतो. घरी आले की माझे दात दुखतात. मी ते किती वेळ आवळून धरलेले असतात, ते तेव्हा कळतं.

बाबा सभेला येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि इनागाकींच्या बोलण्यावर माना डोलावतात. घरी येताना मी त्यांना म्हटलं, तुमच्या आजोबांच्या पायांखालचा पूल आहे हा. तर म्हणाले, ‘आजोबांच्या आधी लाकडी होता. पुरात वाहून गेला, म्हणून तर आजोबांना मान मिळाला. पूल जातात म्हणून मान मिळतात, चिझु.’ आणि तरी, हा पूल बांधताना कमानींना खालून तोलून धरणारं लाकडी सेंट्रिंग ज्या दिवशी सोडवलं, त्या दिवशी काठावर उभं राहून श्वास रोखून धरल्याची गोष्ट हेच बाबा कितीदा सांगतात. दोन्ही बाजूंनी एकेक पाचर सोडत गेले. एका बाजूची घाईने निघाली असती तर कमान वाकडी बसली असती. ती बोटाच्या पेराहूनही कमी खाली आली आणि थांबली. इंजिनिअरने टोपी काढली आणि बायकांनी नदीत पाय धुतले. हे सांगताना आजही बाबांचा आवाज बदलतो. मग मन का बदलत नाही?

तुझ्या पत्राने पहिली फेरी आम्ही जिंकली. दुसरी नदीची आहे, तिच्यातलं मला ओ की ठो कळत नाही. नदी हे खरं कारण आहे की नवं निमित्त, एवढं सांग. आणि पुढच्या सभेला स्वतः ये. बाबा मापाचं रोज विचारतात. वहिनी अजून माहेरीच आहे का? मी तिला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. रागावलीय का माझ्यावर?

चिझुरु

* * *

१८ ऑगस्ट १९८५

चि. चिझु,

नदी हे खरं कारण आहे. तुला आवडणार नाही, पण आहे.

कमान मधे उंच आणि दोन्ही खांबांकडे उतरती असते. पाणी जसजसं चढतं तसतशी तिच्याखालची वाट अरुंद होत जाते. म्हणजे जागा सगळ्यांत जास्त हवी तेव्हाच सगळ्यांत कमी. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात डोंगरातून आलेले ओंडके तुझ्या कमानींत अडकले आणि पाणी मागे तुंबून भाजी बाजारात शिरलं, हे मी वर्तमानपत्रात वाचलं. आता वरच्या अंगाला जंगलतोड जास्त आहे, ओंडके वाढतील. म्हणून काठावरचा बांध उंचावायचा. तो उंचावला की पुलाचा रस्ता बांधाच्या माथ्याहून खाली पडतो. बांधाला खिंड ठेवता येत नाही. सपाट, लांब पल्ल्याचा पोलादी पूल यातून सुटतो. पुलाचा दोष नाही. नदी बदलली.

तरीही. गावाच्या पश्चिमेला किल्ल्याचा जुना कालवा आहे, ज्यावर नंतर काँक्रीटच्या लाद्या टाकून रस्ता केला. तो मोकळा करून रुंद केला तर पुराचा जवळपास तिसरा हिस्सा तिकडून वळेल. मग बांध इतका चढवावा लागणार नाही. पूल राहू शकेल. खांबांचे पाय बळकट करावे लागतील आणि वरच्या बाजूला ओंडके अडवणारी रांग. मी दोन रविवार बसून गणित केलं. जमतं. काठावर जमतं, पण जमतं. त्या कालव्यावर आता दुकानं आहेत, तेव्हा नगरपालिका हे स्वतःहून कधीच काढणार नाही.

हे फक्त तुझ्यासाठी आहे. मी ज्या कंपनीत आहे तिला त्या खात्याची कामं मिळतात. शिवाय जागा न बघता केलेलं गणित म्हणजे गणित नव्हे. कुणाला दाखवू नकोस.

मिसाओ तुझ्यावर रागावलेली नाही.

कियोताका

* * *

६ ऑक्टोबर १९८५

दादा,

मी दाखवलं. नुसतं दाखवलं नाही, सभेत उभी राहून वाचलं. तुझं नाव घेतलं नाही, ‘एक अनुभवी पूल-इंजिनिअर’ म्हटलं. पण ‘भाजी बाजार’ तू इथल्या माणसासारखा नुसता ‘भाजी बाजार’च लिहिला होतास, बाहेरचा त्याला असं म्हणणार नाही, आणि इथे तो असा म्हणणारे आणि तोक्योत पूल बांधणारे गृहस्थ एकच आहेत. कालव्याचं वाक्य संपायच्या आत सगळे बाबांकडे बघत होते.

रागाव. तुझा हक्क आहे. पण त्यानंतर काय झालं ते आधी ऐक. इनागाकी पहिल्यांदाच वाकले नाहीत. त्यांनी कागद मागितला, दोनदा वाचला, शेजारच्या नदीखात्याच्या माणसाला दिला. तो म्हणाला, ‘हे चुकीचं नाही.’ दादा, सहा महिन्यांत त्या टेबलामागून आलेलं पहिलं माणसासारखं वाक्य! मग त्यांनी ठरवलं की नोव्हेंबरची सभा निर्णयाची असेल, आणि त्या अनुभवी गृहस्थांनी स्वतः येऊन आकडे मांडले तर कालव्याची पाहणी होईपर्यंत पुलाचं थांबवता येईल. न आल्यास निनावी पत्रावर एवढा खर्चिक विचार करता येणार नाही. हे मला रास्त वाटलं. इनागाकींचं काही रास्त वाटण्याची माझी ही पहिलीच वेळ.

म्हणजे आता सगळं तुझ्या येण्यावर आहे. माझ्यावर नाही, न्हाव्यावर नाही, जांभळ्या रंगावर नाही.

बाबांची एक गंमत सांगते, तिनं तरी तुझा राग उतरेल. मुलगा आपल्या विरुद्ध बाजूने बोलणार हे कळल्यावर ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते तर गल्लीभर सांगत सुटलेत, ‘आमचा कियोताका येतोय, सुनेसकट येतोय, नगरपालिकेला शिकवायला येतोय.’ सभेनंतर वस्तीच्या मंडळाने जेवण ठेवलंय. तुझ्या आणि वहिनीच्या नावाच्या पाट्या पंगतीत शेजारी शेजारी लिहूनही झाल्यात. मापासाठी आता ते वहिनीच्याच पायाला धरतील.

तुझं बोट धरून सांगते: ये.

चिझुरु

* * *

१८ नोव्हेंबर १९८५

दादा,

तू आला नाहीस.

तासभर वाट बघितली. नदीखात्याच्या माणसाने दोनदा दाराकडे पाहिलं. मग इनागाकी म्हणाले, तोक्योच्या गाड्या कधीकधी उशिरा येतात, आणखी थोडं थांबू. मला त्यांची दया नको होती. हात वर झाले आणि पूल गेला. बाबा म्हणाले, काम निघालं असेल. दोन पाट्या त्यांनी स्वतः उचलून खिशात घातल्या.

तार नाही, फोन नाही. आजारी आहेस का? नसशील तर हे पत्र वाचून मला लिहू नकोस.

चि.

* * *

१ डिसेंबर १९८५

चि. चिझु,

आजारी नाही, तरी लिहितो आहे.

मी आलो होतो. सकाळच्या गाडीने उतरलो, आकड्यांचे कागद बगलेत घेऊन पलीकडच्या काठाने पुलावर आलो. खांबांचे पाय वाकून बघितले. चांगले आहेत. मधल्या कमानीच्या माथ्यापर्यंत पोचलो तेव्हा सभागृहाचं दार समोर दिसायला लागलं. दारात बाबा उभे होते. समारंभाचा काळा पोशाख घालून. जो येईल त्याला वाकून नमस्कार करत होते आणि माझ्या वाटेकडे हात करत होते. लोकही वळून बघत होते. मला कळलं की मी पोचल्यावर पहिला प्रश्न कालव्याचा नसेल. ‘सूनबाई कुठाय?’

मिसाओ गेल्या वर्षाच्या वसंतातच मला सोडून गेली. तिच्या आईची तब्येत ठणठणीत आहे. भांडण असं झालं नाही. ती म्हणाली, ‘मी या घरात आहे हे तुम्हाला शेवटचं कधी जाणवलं?’ आणि मी विचार करत बसलो. इतका वेळ बसलो की तेच उत्तर झालं. कागदोपत्री सगळं संपलं आहे. तात्सुहिकोला माहीत आहे.

पुलावर उभा राहून मी खोटं काय सांगायचं याची तयारी करत होतो. सर्दी झाली, गाडी चुकली. मला एकही पुरेसं वाटेना. आणि खरं सांगितलं असतं तर बाबांचे सहा जोड तिथेच, सगळ्या गल्लीसमोर तुटले असते. मी माघारी फिरलो. पुलावरून परत जायला जास्त वेळ लागतो, हे विचित्र आहे.

आकडे बरोबर होते. हे तुला सांगायला नको होतं, पण होते.

बाबांना कळवू नकोस. तुझ्याकडे मी एवढंच मागतो.

कियोताका

* * *

१० जानेवारी १९८८

चि. चिझु,

दोन वर्षं तू नुसती नववर्षाची कार्डं पाठवलीस, छापील. माझी तक्रार नाही.

नवा पूल मार्चच्या शेवटी खुला होतोय असं बाबांनी कळवलं. सोबत नगरपालिकेचं निमंत्रणही आलं, तीन जोडप्यांच्या नावांनिशी. मी मिसाओला भेटलो. सगळं सांगितलं. ती म्हणाली, एक दिवस ती येईल. माझ्यासाठी नव्हे, बाबांनी लग्नाच्या वेळी तिला स्वतःच्या हाताने गेता करून दिल्या होत्या, त्या अजून आहेत, म्हणून. तिने पायाचं माप लिहून दिलं आहे. सोबत पाठवतो. बाबांना दे.

पूल ओलांडून झाला की संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत जाऊ. वेगवेगळ्या डब्यांतून गेलो तरी कुणाला कळणार नाही. हे तुला पटणार नाही हे जाणतो. पण बाबा ऐंशीचे आहेत.

कियोताका

* * *

७ फेब्रुवारी १९८८

दादा,

माप बाबांना दिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला, ‘पाय तेवढाच आहे की,’ म्हणाले आणि त्याच संध्याकाळी सहावा जोड कापायला घेतला. आता सहाही जोड उंबऱ्याशी ओळीने आहेत.

आईला वहिनीचं ठाऊक आहे. मी सांगितलं नाही. वहिनी तिला दर नववर्षाला वेगळं कार्ड टाकते, निराळ्या पत्त्यावरून. आईने ती कधी कुणाला दाखवली नाहीत. मी तिला विचारलं, मग आता काय करायचं? ती सुया-दोरा आवरत म्हणाली, ‘चालू दे त्यांना. मी तरी कुणाबरोबर चालले होते, मला कुठे माहीत होतं?’ हे रागाने म्हणाली की मायेने, मला अजून उमगलेलं नाही.

तेव्हा मी कुणाला काही सांगणार नाही. तू निश्चिंतपणे ये.

तुझं दोन वर्षांपूर्वीचं पत्र मी फाडून टाकलं होतं, पण ‘आकडे बरोबर होते’ हे फाडता येत नाही. रोज दुकान उघडताना समोर नवा पूल दिसतो. चांगला आहे. सपाट, निळा, कुणाचंही वाईट न चिंतणारा. त्याच्या बाजूला आपला. इनागाकी परवा आले होते, तोडकामाचा आराखडा दाखवायला. हल्ली ते माझ्यापासून काही लपवत नाहीत. हरलेल्या माणसाशी सगळे मोकळेपणाने वागतात. पाच कमानींपैकी चार पाण्यात आहेत, त्या पुराच्या आधी काढायच्याच. पाचवी, आपल्या काठाची, पाण्यात नाहीच. ती नदीकाठच्या गल्लीवरून जाते. तिच्याखाली भाजीवाली बसते आणि मुलं चेंडू खेळतात. नवा बांधही तिच्या नदीकडच्या अंगाने जातो. पुराचं आणि तिचं काही देणंघेणं नाही. मी विचारलं, मग ती का पाडायची? इनागाकी म्हणाले, ‘सगळा पूल पाडायचा ठराव आहे, ती पुलाचा भाग आहे.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘लोकांकडून कुणाची मागणी आली असती तर... पण आता तुम्हा विरोधकांचं महापौर ऐकणार नाहीत.’

आमचं ऐकणार नाहीत. तुमचं, पुलावरून चालणाऱ्यांचं, ऐकतील.

मला एक गोष्ट कळली आहे. सगळ्या शहरात तीन पिढ्यांची तीन जोडपी धडधाकट असलेलं घर त्यांना दुसरं सापडलेलं नाही. शोधून झालं. आई-बाबांचा जुन्या पुलावरचा फोटो वर्तमानपत्रात छापूनही आला, ‘तेच पाय, नवा पूल’ अशा मथळ्याखाली. त्सुगे चालले नाहीत तर महापौरांना त्या दिवशी फीत कापून एकट्याने चालावं लागेल. इंजिनिअर म्हणून तुझ्या शब्दाला जे वजन आलं असतं, ते तू नोव्हेंबरात पुलावर ठेवून गेलास. पण मधल्या जोडप्यातला नवरा म्हणून तुझ्या शब्दाला आज त्याहून जास्त वजन आहे. आणि तो नवरा तू नाहीस, हे त्यांना माहीत नाही. मी हे लिहिताना हसतेय की काय ते मला कळत नाही.

म्हणून मागते. नगरपालिकेला एक पत्र लिही. काठाची कमान ठेवा, नाहीतर आम्ही चालत नाही, एवढंच. सही तुझी.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणशील, मान मिळालेल्याने अट घालायची नसते. म्हणशील, जे जोडपंच खोटं आहे त्याच्या जोरावर सौदा कसा करायचा. म्हणशील, बाबांना कळलं तर. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी गणित काढशील: पाच कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात, शेजारची काढली की उरलेली एकटी आपल्याच खांबाला बाहेर ढकलते, तिला पाठीमागून भक्कम टेकू द्यावा लागतो. हे मी वाचनालयात बसून शिकले आहे, तू नव्हतास म्हणून. तो टेकू केवढा लागेल, काढ. तुझ्याशिवाय मला कुणी ते काढून देणार नाही.

तू ‘नाही’च म्हणशील. तरी या महिन्यात लिही, मार्चमध्ये उशीर होईल.

चिझुरु